ऊन बाहेरचं, आग आतली

सोलापूर हा रस्त्यांचा चौक आहे. पुण्याहून आलेला ६५ नंबरचा महामार्ग इथून नळदुर्ग, उमरगा करत हैदराबादला जातो. ५२ नंबरचा तुळजापूरकडून उतरून विजापूरला निघतो. रत्नागिरीहून निघालेला १६६ नंबरचा सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूने येऊन मिळतो. या रस्त्यांवर बंद पडलेल्या गाड्या जागेवर जाऊन दुरुस्त करणं हा माझा धंदा. होळी झाली की फोन वाढतात आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. त्यांतले निम्म्याहून जास्त गाडी गरम झाल्याचे असतात.

तिथे पोचल्यावर ड्रायव्हर बहुतेक वेळा एकच सांगतो, "ऊन लई आहे, मिस्त्री." ऊन असतंच. पण त्याच उन्हात, त्याच रस्त्याने, तेवढाच माल घेऊन निघालेली दुसरी गाडी तोवर हैदराबादला लागलेली असते. त्या दोन गाड्यांत फरक कशाचा, हे बघत बघत माझं एक मत पक्कं झालं आहे. गाडी ज्या उष्णतेने जळते ती आभाळातून येत नाही. ती गाडीच्या पोटात तयार होते, आणि पुष्कळदा चालवणाऱ्याच्या पायाने तयार होते. ऊन तिला बाहेर पडू देत नाही, एवढंच उन्हाचं काम. पुढचे बोल या एका गोष्टीभोवतीच फिरतात.

१. ऊन नेमकं काय करतं ते आकड्यांत बघा.

चालत्या गाडीत इंजिनचं पाणी साधारण ९५ अंशांवर असतं. बाहेरची हवा २५ अंश असेल तर दोन्हींत ७० अंशांचं अंतर राहतं. मे महिन्यात दुपारी, तापलेल्या डांबरालगत, जाळीसमोरची हवा सहज ४५ अंशांची होते. अंतर उरतं ५०. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती या अंतराच्या प्रमाणात. म्हणजे काहीही न बिघडता, नुसता ऋतू बदलल्यामुळे त्याची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरली. हिवाळ्यात ही तीस टक्के शिल्लक हाताशी असते. तिच्या आड थोडी बुजलेली जाळी, सैल पट्टा, कमी झालेलं तेल, सगळं झाकून जातं. एप्रिलमध्ये शिल्लक संपते आणि ती सगळी दुखणी एकाच आठवड्यात बाहेर पडतात. म्हणून उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीत करायची असते.

२. आपल्या गाडीत कोणती पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, आहे हे आधी ओळखा.

हल्ली क्लचचं पायडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात आणि इथूनच चुकीचे सल्ले सुरू होतात. आपल्या भागातले बहुतेक ट्रक अजून हातगिअरचेच आहेत. काही नव्या ट्रक-टिपरना एएमटी येते. तिच्यात गिअरबॉक्स हातगिअरसारखाच, क्लच प्लेटही तशीच कोरडी. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. तिसरी जात खऱ्या ऑटोमॅटिकची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. इसुझु व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या पिकअपमध्ये ती मिळते, काही मोठ्या टिपरमध्ये आणि शहरातल्या बसगाड्यांमध्येही असते.

या तिसऱ्या जातीत क्लच प्लेटच्या जागी तेलाने भरलेला एक बंद डबा असतो. त्यात दोन पंखे समोरासमोर. इंजिनचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. लोखंडाला लोखंड कुठे टेकत नाही. म्हणूनच गाडी लोण्यासारखी उचलते. पण इंजिनचा पंखा वेगात आणि पलीकडचा हळू, असं जितका वेळ चालतं, तितका वेळ मधली ताकद तेल तापवण्यात जाते. वेग धरल्यावर आतला लॉक-अप क्लच दोघांना जखडतो आणि ही उष्णता थांबते.

फरक लक्षात ठेवा. हातगिअर आणि एएमटीमध्ये आग लागते ती क्लच प्लेटला. तिला थंड करायला तेल नाही, पण जळका वास लगेच केबिनमध्ये येतो. कन्व्हर्टरच्या पेटीत आग तेलात असते; ते तेल थंड होण्यासाठी कूलरमधून फिरतं, पण वास बाहेर येईपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

३. घसरण्यात उष्णता आहे, धावण्यात फार नाही.

लोकांना वाटतं, शंभरच्या वेगाने तासभर पळालेली गाडी जास्त तापत असेल. ऑटोमॅटिकचं उलटं आहे. शंभरच्या वेगात लॉक-अप लागलेलं असतं आणि समोरून वारा मिळत असतो. पेटी तापते ती पाच-सात किलोमीटरच्या वेगात सरकताना. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या बघा: चढ, गर्दी, मागे माणसं किंवा सामान, एसी पूर्ण, आणि दर दोन मिनिटांनी दहा फूट पुढे. वारा नाही, लॉक-अप नाही. अशा रांगेत पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका. पुढे चांगलं अंतर पडू द्या, ब्रेकवर थांबा, मग एकदाच सुटून तेवढं अंतर कापा. जास्त वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल करा आणि हँडब्रेक ओढा. ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलात की कन्व्हर्टरमधला इंजिनचा पंखा तेल घुसळतच राहतो.

चढावर थांबताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय पुष्कळांना असते. हातगिअरला याला हाफ क्लच म्हणतात आणि त्याचं नुकसान सगळे जाणतात. ऑटोमॅटिकमध्ये तेच केलं तर काहीच जाणवत नाही, म्हणून ते जास्त घातक.

सगळ्यांत वाईट प्रकार काळ्या मातीतला. वळवाचा पाऊस पडतो, पिकअप डाळिंबाच्या बागेत रुतते, आणि मालक ॲक्सिलरेटर दाबत बसतो. चाक हलत नाही, म्हणजे इंजिनची सारी ताकद तेलात. हिशोब करून बघा: साठ किलोवॉट ताकद आठ-दहा लिटर तेलात शिरली तर तेल सेकंदाला तीन-चार अंशांनी चढतं. शंभर अंशांवरून दीडशेला जायला पाव मिनिट. हे तेल ८० ते १०० अंशांत सुखाने राहतं. १२० च्या वर गेलं की झपाट्याने सडायला लागतं, रबरी सील कडक होतात, आतल्या प्लेटांचा लेप जळतो. बाग नुकतीच भिजलेली असेल तर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त रेस देऊ नका. चाकाखाली पोतं, तुऱ्हाट्या, फळी घाला, नाहीतर ट्रॅक्टर बोलवा.

४. घाटात गिअर आपण निवडायचा.

सोलापूरहून तुळजापूरला जाताना गाव येण्याआधी बालाघाटाचा चढ लागतो. फार लांब नाही, पण भरलेल्या गाडीला मे महिन्यात पुरेसा आहे. पेटीला मोकळं सोडलं तर ती चौथा, पाचवा, परत चौथा अशी चाळवत राहते. दर वेळी लॉक-अप सुटतं आणि दर वेळी तेल तापतं. चढ सुरू होण्याआधीच हाताच्या पद्धतीवर घ्या, एक गिअर खाली धरा आणि वरपर्यंत तोच ठेवा. इंजिनचा आवाज वाढतो, नव्या माणसाला वाटतं गाडीवर जुलूम होतोय. तसं नाही. इंजिन जास्त फिरलं की पाण्याचा पंप, तेलाचा पंप, इंजिनवर चालणारा पंखा, सगळे जोरात फिरतात, आणि कन्व्हर्टरमधली घसर कमी होते. उतरतानाही तोच गिअर. ब्रेकचे ड्रम वाचतात.

उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत. हातगिअरच्या गाडीत ब्रेक जाण्याचा धोका. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचाही.

५. जाळी बाहेरून स्वच्छ दिसते तेव्हाही बुजलेली असू शकते.

मला सर्वांत जास्त गाड्या इथे सापडतात. पुढे एसीचा कंडेन्सर, त्यामागे इंटरकूलर, कुठे तेलाचा कूलर, सगळ्यांत मागे रेडिएटर. समोरून बघणाऱ्याला फक्त पहिला थर दिसतो. घाण साचते ती थरांच्या मधे. आपल्या जिल्ह्यात तर उन्हाळ्याच्या तोंडावरच ती साचायची सोय आहे. ऊसाच्या हंगामात ट्रॉल्यांवरून पाचट उडतं. मंगळवेढा-मोहोळकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये मालदांडी ज्वारीची खळी होतात, रस्त्याच्या कडेला मळणी यंत्रं चालतात आणि कोंडा हवेत तरंगतो. रात्रीचे किडे वेगळेच. तेलकट धुळीवर हा कोंडा बसला की त्याचा नमदा होतो.

धुवायचं ते इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, म्हणजे घाण ज्या वाटेने आली त्याच वाटेने जाईल. हलक्या धारेने. सर्व्हिसिंग सेंटरची जोराची धार जवळून मारली की ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं तुटलं असेल तर ते बदला. ते नसेल तर पंखा समोरची ताजी हवा ओढण्याऐवजी इंजिनजवळची गरम हवाच फिरवत राहतो.

आणखी एक. जाळीवर बसवलेले जादा दिवे, फ्लेक्सच्या पाट्या, जाड हार हे सगळं वाऱ्याच्या वाटेत असतं. देवाचं नाव काचेच्या वर लिहा, हार केबिनमध्ये घाला. ड्रायव्हरला हे मी हात जोडून सांगतो आणि बहुतेक जण ऐकतात.

६. बोअरचं पाणी रेडिएटरला घालू नका.

इथलं बोअरचं पाणी जड. घरच्या भांड्याला पांढरा थर बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. बहुतेक ऑटोमॅटिक पिकअपमध्ये गिअरबॉक्सचं तेल इंजिनच्या पाण्याच्या जिवावर थंड होतं. म्हणजे रेडिएटर बुजला की इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही जातात. कंपनीने सांगितलेलं कूलंट घाला, ते कमी पडलं तर डिस्टिल्ड वॉटर. रस्त्यावर अडचण आली आणि हॉटेलचं पाणी घालावं लागलं, तर घाला, पण गावी पोचल्यावर काढून टाका. झाकणाचं रबर आणि स्प्रिंगही बघा. झाकण दाब धरतं म्हणून पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. स्प्रिंग मेली की तेच पाणी सावळेश्वरच्या टोलनाक्यावर उकळून बाहेर येतं. आणि गरम असताना ते झाकण उघडायचं नाही. भाजलेले हात मी पाहिले आहेत.

७. काटा उशिरा बोलतो.

डॅशबोर्डवरचा काटा इंजिनच्या पाण्याचा असतो, गिअरबॉक्सचा नाही. तोही पुष्कळ गाड्यांत असा बसवलेला असतो की ८० पासून शंभरच्या पुढेपर्यंत तो मध्यावरच थांबतो. वर सरकला म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं. ऑटोमॅटिक घेऊन घाटात किंवा ओझं घेऊन फिरत असाल तर गाडीच्या निदान-सॉकेटला लावायचं छोटं रीडर घ्या आणि मोबाइलवर गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा बघत चला. महिनाभर बघितलं की आपल्या पायाने काय होतं ते आपल्याला कळतं. मी सांगून जे होत नाही ते हा आकडा करतो.

८. ऑटोमॅटिकच्या तेलाची पातळी पहाटे बघा.

हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर. नव्या पेट्यांना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून खालचा नट उघडायचा, तेल धारेवरून थेंबांवर आलं की पातळी बरोबर, अशी पद्धत. पण हे तेल ठरावीक तापमानात असताना करायचं. पुष्कळ गाड्यांना ते ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. आता मे महिन्यातल्या दुपारी अंगणात उभी असलेली गाडी घ्या. इंजिन सुरू करायच्या आधीच तिचं तेल चाळीसच्या वर गेलेलं आहे. नट उघडेपर्यंत ते साठला पोचतं. तापलेलं तेल फुगतं, जास्तीचं बाहेर पडतं, मिस्त्री म्हणतो पातळी झाली. रात्री तेल थंड झालं की पेटीत तेल कमी. कमी तेल म्हणजे पंप हवा ओढणार, फेस होणार आणि पेटी आणखी तापणार. म्हणून हे काम आमच्याकडे सकाळी सहाला, रात्रभर उभ्या गाडीवर होतं. दुपारी आलेल्या गाडीला मी परत पाठवतो. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

‘लाइफटाइम तेल’ या शब्दांवर विसंबू नका. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीसुद्धा ८ वर्षांत किंवा लाखभर किलोमीटरच्या आसपास तेल बदलायला सांगते. आपलं ऊन, आपली धूळ आणि आपलं ओझं धरून मी त्याच्याही आधी बदलतो. आणि जे तेल सांगितलं आहे तेच. नुसता लाल रंग बघून दुसरं ओतू नये.

९. तापलेल्या टायरची हवा सोडू नका.

थंड टायरला भरलेली ११० पौंड हवा टायर ७० अंशांवर गेला की सव्वाशेच्या वर दाखवते. ते धरूनच टायर बनवलेला असतो. हवा सोडली की टायर जास्त दबतो, जास्त वाकतो, आणखी तापतो आणि फुटतो. पहाटे, थंड टायरला, मोजून.

१०. दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करू नका.

गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला तर कडेला सावलीत घ्या, ‘पी’मध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि इंजिन मंद चालू ठेवा. तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे ते तापलेलं तेल कन्व्हर्टरमध्ये जिथल्या तिथे थांबलं. दहा-पंधरा मिनिटांत आकडा उतरतो. मात्र पट्टा तुटला असेल, पाणी गळून गेलं असेल किंवा पाण्याचा काटा लालवर असून उतरत नसेल, तर लगेच बंद करा. कोरड्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जातो.

११. ड्रायव्हरचा एसी बंद करून गाडी वाचवू नका.

पुष्कळ मालक हा सल्ला देतात. एसीच्या कंडेन्सरची गरम हवा मागच्या रेडिएटरला लागते, हे खरं. घाटाच्या तेवढ्या चढाला, आकडा वाढतोय असं दिसलं तर, पाच-दहा मिनिटं बंद करा. एरवी वेग दहाने कमी करा, दुपारी बारा ते चार गाडी उभी ठेवा, संध्याकाळी निघा. हैदराबाद तीनशे किलोमीटरच आहे. उन्हाने गळालेल्या माणसाचा पाय जड होतो. तो उशिरा ब्रेक दाबतो, चढावर रेसवर गाडी तोलतो, दिवा लागलेला त्याला दिसत नाही. सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला, हे फार आधी व्हायला हवं होतं. जुन्या ट्रकमध्ये बसणारी माणसं अजून इंजिनशेजारी भाजत जातात. त्यांच्या मालकांनी निदान छताला आतून जाड थर, इंजिनच्या झाकणाला नवं आवरण आणि थंड पाण्याचा मोठा जार एवढं तरी द्यावं.

१२. बंद ऑटोमॅटिकला दोरीने ओढून आणू नका.

आपल्याकडे गाडी बंद पडली की पहिला शब्द येतो, "टोचन लावा." हातगिअरच्या छोट्या गाडीला थोड्या अंतरासाठी चालून जातं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद तर पंप बंद, पंप बंद तर पेटीत तेल पोचत नाही. पण मागची चाकं फिरली की आतले भाग फिरतातच, कोरडे. मोहोळला तापून थांबलेली, थोडक्यात वाचणारी पेटी सोलापूरला पोचेपर्यंत संपलेली मी पाहिली आहे. गाडी पूर्ण उचलून नेणारं वाहन मागवा. ते मिळत नसेल तर मागे ओढ असलेल्या पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट काढा: गिअरबॉक्स आणि मागच्या धुरीमधला तो लांब दांडा. चार नट मागे असतात. खुणा करून सोडा, शाफ्ट गाडीतच ठेवा, आणि गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, नाहीतर तिथून तेल गळेल आणि धूळ आत जाईल. चार चाकांना ओढ असेल तर पुढचाही काढावा लागतो. फोनवर विचारलंत तर कोणता पाना लागेल ते मी सांगतो. तोवर कुणाला दोरी बांधू देऊ नका.